मोडेम बोलेनासा होतो तेव्हां

घरांतील एखादें यंत्र बिघडलें म्हणजे बहुधा त्याचा आवाज बदलतो, त्यांतून धूर निघतो, किंवा त्याचा एखादा भाग डोळ्यांदेखत निखळून पडतो. पिठाची चक्की असो वा विहिरीवरचा पंप असो, त्यांचें दुखणें असें उघड्यावर येतें. दूरध्वनीच्या तारेवरून संगणकास बाहेरच्या जगाशीं जोडणारा मोडेम मात्र बिघडला म्हणजे नुसता गप्प बसतो. पडद्यावर ‘मोडेम उत्तर देत नाहीं’ अशा अर्थाचें एक वाक्य उमटतें आणि घरांतील मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. उत्तर कां येत नाहीं, हें त्या वाक्यांत नसतें. मग खरें कारण सांपडेपर्यंतचा रिकामा वेळ संशयानें भरून निघतो. मुलानें कांहीं खेळ घातला असेल, सुनेनें मध्येंच फोन उचलला असेल, दुरुस्तीवाल्यानें चांगला भाग काढून नेला असेल!

प्रस्तुत लेखांत या गप्प बसलेल्या मोडेमची परीक्षा कोणत्या क्रमानें करावी, हें सांगण्याचा आमचा विचार आहे. मोडेम आतां जवळजवळ इतिहासजमा झाला असतां त्याची चिकित्सा कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर दुहेरी आहे. एक तर पुष्कळ घरांत त्या काळचे संगणक माळ्यावर अजून पडून आहेत आणि त्यांच्या पोटांत परदेशीं गेलेल्या मुलांचीं पत्रें, घरची वंशावळ, लग्नकार्याच्या याद्या असे कागद अडकलेले आहेत. दुसरें असें कीं, न बोलणाऱ्या वस्तूचें दुखणें ओळखण्याची जी रीति मोडेमनें शिकविली, ती आजच्या घरांतहि तितकीच उपयोगी पडणारी आहे.

हिंगोलीपर्यंत आलेली वाट

सर्वसामान्य भारतीयांस इंटरनेट खुलें झालें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं. विदेश संचार निगमानें ही सोय प्रथम मुंबईसारख्या मोठ्या शहरांत केली. लहान गांवांस त्यासाठीं कांहीं वर्षें थांबावें लागलें. आमचा हिंगोली जिल्हा परभणींतून निघून स्वतंत्र झाला तो १ मे १९९९ रोजीं, आणि दूरसंचार खात्याचें काम १ ऑक्टोबर २००० पासून भारत संचार निगमाकडे आलें. म्हणजे हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगांव व औंढा नागनाथ हे पांच तालुके जिल्हा म्हणून नुकते कोठें उभे राहत होते, त्याच सुमाराचा हा काळ. १७२ या आकड्यांनीं आरंभ होणारा क्रमांक संगणकाकडून फिरवावयाचा, स्थानिक कॉलच्या दरानें पैसे भरावयाचे आणि तारेवर जो कांहीं वेग मिळेल त्यांत समाधान मानावयाचें, अशी ती व्यवस्था होती. २००१ मध्यें पुण्यास महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालें. त्याच्या एम्. एस्. सी. आय्. टी. या परीक्षेनें खेड्यापाड्यांतील मुलामुलींस संगणकापुढें आणून बसविलें. पुढें जानेवारी २००५ मध्यें भारत संचार निगमानें ब्रॉडबँड सुरू केलें आणि मोडेमच्या त्या जुन्या पद्धतीस उतरती कळा लागली.

तेव्हां लहान गांवांत मोडेमचें राज्य फार वर्षें चाललें असें नाहीं. परंतु त्या थोड्या वर्षांत परगांवीं आणि परदेशीं गेलेल्या मुलांशीं अनेक घरांचा जो संबंध राहिला, तो या लहानशा पेटीच्या आधारानें. ती गप्प बसली म्हणजे नुसतें यंत्र अडत नसे. आईला येणारें पत्र अडत असे.

मोडेम करतो काय?

पूर्णा ते अकोला हा आमचा लोहमार्ग २००८ पर्यंत मीटरगेज होता. हिंगोलीहून अकोल्यास जाऊन पुढें मुंबईची वाट धरणाऱ्या प्रवाशास तेथें उतरून रुंद मार्गाच्या गाडींत बसावें लागे. प्रवासी तोच, सामान तेंच. रुळांचें माप निराळें म्हणून गाडी बदलावयाची. मोडेमचें काम अगदीं याच प्रकारचें आहे. संगणकाची भाषा शून्य आणि एक या दोनच अंकांची. दूरध्वनीची तार मात्र माणसाच्या आवाजासाठीं घातलेली. सेकंदास सुमारें ३०० ते ३४०० कंपनांचे नाद तेवढे ती नीट वाहून नेते. मोडेम अंकांचे नाद करून तारेवर चढवितो, आणि पलीकडचा मोडेम त्या नादांचे पुन्हां अंक करतो. चढविणें आणि उतरविणें या दोन क्रियांच्या इंग्रजी नांवांचे आरंभ जोडूनच ‘मोडेम’ हा शब्द झालेला आहे.

जोडणी होतांना जी चिरकी किंकाळी ऐकूं येत असे, ती निरर्थक नव्हती. पलीकडचा मोडेम प्रथम २१०० कंपनांचा एक स्थिर सूर लावी. त्या सुरानें तारेवरील प्रतिध्वनि दाबणारीं यंत्रें बाजूला सारलीं जात. मग दोन्ही मोडेम तारेची परीक्षा घेऊन, आपणां दोघांस कोणता वेग झेपेल हें ठरवीत. १९६२ च्या सुमारास अमेरिकेंत प्रचारांत आलेल्या मोडेमचा वेग सेकंदास ३०० अंक इतकाच होता. १९९८ मध्यें ठरलेल्या व्ही. ९० या मानानुसार तो ५६,००० पर्यंत गेला. प्रत्यक्षांत तार लांब, सांधे जुने आणि पाऊस भरपूर, अशा ठिकाणीं त्याहून बराच कमी वेग हातीं येई.

आतां या लेखाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची गोष्ट. संगणक आणि मोडेम यांची आपसांत बोलण्याची एक छोटी भाषा आहे. हेज नांवाच्या अमेरिकन कंपनीनें १९८१ मध्यें ती रूढ केली आणि पुढें बहुतेक सर्वांनीं ती उचलली. संगणकानें ‘ए’ आणि ‘टी’ हीं दोन अक्षरें पाठवावीं. त्यांचा अर्थ ‘अवधान असूं द्या’. मोडेमनें ‘ओके’ म्हणून उत्तर द्यावें. या संभाषणास दूरध्वनीच्या तारेची गरज नाहीं, एक्स्चेंजची नाहीं, इंटरनेटचीहि नाहीं. घरांतल्या घरांत मारलेली ही हाक आहे आणि घरांतल्या घरांत दिलेली ही ओ आहे.

मौनाचे प्रकार

आपल्या आयुर्वेदांत रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. रोगाचें कारण, त्याची चाहूल, त्याचीं लक्षणें, अमुक उपचारानें उतार पडतो कीं नाहीं याची पारख, आणि रोग कसकसा वाढला त्याचा मार्ग, असा त्यांचा थोडक्यांत अर्थ. वैद्य प्रथम रूप नीट पाहतो. घरोघरीं मोडेमच्या बाबतींत चूक होते ती येथेंच. ‘इंटरनेट चालत नाहीं’ या एका वाक्यांत निरनिराळीं दुखणीं कोंबलीं जातात.

तीं वेगळीं केलीं म्हणजे अर्धें काम होतें. विंडोजच्या पडद्यावर जो तीन आंकडी क्रमांक येतो तो दुर्लक्ष करण्यासाठीं नसून उतरून घेण्यासाठीं असतो. ६८० म्हणजे मोडेम जागा आहे, परंतु तारेवर डायल टोन नाहीं. ६७६ म्हणजे पलीकडचा क्रमांक गुंतलेला आहे. ६७८ म्हणजे क्रमांक फिरला, पण कोणी उत्तर दिलें नाहीं. ६९१ म्हणजे सर्व जोडणी ठीक आहे, फक्त नांव किंवा परवलीचा शब्द नाकारला गेला. ६३३ म्हणजे मोडेम दुसऱ्या कामांत गुंतला आहे किंवा त्याची मांडणी नीट नाहीं. आणि ६३० म्हणजे संगणकास मोडेमकडून उत्तरच येत नाहीं. या सर्वांत खरें ‘न बोलणें’ शेवटच्या दोनांतच आहे. उरलेल्या ठिकाणीं मोडेम आपलें काम चोख करून दुसऱ्या कोणाची तक्रार आपणांस सांगत असतो. सांगणाऱ्यासच दोषी धरून नवा मोडेम विकत आणणें, म्हणजे तार घेऊन आलेल्या शिपायावर रागावण्यासारखें आहे.

परीक्षेचा क्रम

पहिली पायरी विजेची. मोडेम बाहेरचा असेल तर त्याचें बटण बंद करून अर्धा मिनिट थांबावें आणि मग तें लावावें. मोडेम संगणकाच्या आंत बसविलेला असेल तर नुसतें ‘रीस्टार्ट’ करून भागत नाहीं. तसें करतांना आंतला वीजपुरवठा चालूच राहतो आणि अडकलेला मोडेम अडकलेलाच राहतो. संगणक पूर्ण बंद करून, कांहीं वेळानें पुन्हां सुरू करावा. पुष्कळ मौनें एवढ्यानेंच सुटतात.

दुसरी पायरी हाकेची. विंडोज ९५ पासून एक्स्-पी पर्यंतच्या संगणकांत हायपरटर्मिनल नांवाचा एक साधा कार्यक्रम असे. तो उघडून मोडेमचें द्वार निवडावें आणि ‘ए टी’ टंकून एंटरचें बटण दाबावें. ‘ओके’ आलें तर संगणक, मधली केबल व मोडेम हीं तिन्ही शुद्धीवर आहेत. पुढचा शोध तारेकडे न्यावा. ‘ओके’ न आल्यास तारेचा विचार तूर्त सोडून द्यावा. घरची ओ मिळत नसतां एक्स्चेंजमध्यें तक्रार नोंदवून काय उपयोग?

येथें एक अपवाद ध्यानांत ठेवावा. मोडेमच्या दोन अवस्था असतात. एका अवस्थेंत तो संगणकाच्या आज्ञा ऐकतो; दुसऱ्या अवस्थेंत, म्हणजे जोडणी चालू असतां, संगणक जें पाठवील तें तो जसेंच्या तसें पलीकडे पोंचवितो. जोडणी अर्धवट तुटून मोडेम त्या दुसऱ्या अवस्थेंत राहिला तर ‘ए टी’ ही हाक त्यास हाक वाटतच नाहीं. अशा वेळीं सुमारें एक सेकंद कांहीं न टंकतां थांबावें, अधिकचिन्ह तीन वेळां लागोपाठ टंकावें आणि पुन्हां एक सेकंद थांबावें. मोडेम आज्ञा ऐकण्याच्या अवस्थेंत परत येतो. मग ‘ए टी एच्’ म्हटलें कीं तो फोन खालीं ठेवतो, आणि ‘ए टी झेड’ म्हटलें कीं जपून ठेवलेल्या मूळ मांडणीवर परत जातो.

तिसरी पायरी द्वाराची. जुन्या संगणकांत सीरियल जातीचीं चार द्वारें मानलेलीं असत, पण त्या चौघांस संगणकाचें लक्ष वेधून घेण्यासाठीं वाटा दोनच. पहिलें व तिसरें द्वार चौथ्या वाटेनें हाक मारी. दुसरें व चौथें तिसऱ्या वाटेनें. या वाटांस आय्. आर्. क्यू. असें म्हणतात. माऊस पहिल्या द्वारावर आणि आंतला मोडेम तिसऱ्या द्वारावर असला म्हणजे दोघेहि एकाच दारावरची एकच घंटा वाजविणार! माऊस हलविला रे हलविला कीं मोडेम थिजतो, हें या दुखण्याचें ठळक लक्षण. उपाय म्हणजे मोडेम दुसऱ्या द्वारावर नेणें. तेथें अगोदरच कांहीं असल्यास तें बंद करणें.

चौथी पायरी पाहण्याची कीं, मोडेम दुसऱ्या कोणत्या कार्यक्रमानें तर धरून ठेवला नाहीं ना? फॅक्स घेण्याचा कार्यक्रम एकदां सुरू केला म्हणजे तो पडद्यामागें बसून येणाऱ्या फॅक्सची वाट पाहत राहतो आणि तोंवर द्वार दुसऱ्या कोणास मिळत नाहीं.

पांचवी पायरी संगणकाच्या वयाची. फार जुन्या संगणकांत सीरियल द्वाराची जी चिप असे, ८२५० किंवा १६४५० क्रमांकाची, ती एका वेळीं एकच अक्षर सांभाळूं शके. संगणकानें तें उचलण्यापूर्वीं दुसरें आलें कीं पहिलें नाहींसें होई. पुढील १६५५० ए या चिपमध्यें सोळा अक्षरांची सोय झाली. जुन्या चिपला नवा वेगवान मोडेम जोडला तर जोडणी होते, पण मजकूर मध्येंच अडतो. अशा ठिकाणीं द्वाराचा वेग १,१५,२०० वरून १९,२०० पर्यंत उतरवावा. तसेंच, स्वस्त मिळणारे आंतले मोडेम बरेचसें काम स्वतः न करतां संगणकाच्या मुख्य प्रोसेसरकडून करवून घेत. दुबळा संगणक त्या ओझ्याखालीं दमला म्हणजे बोल मोडेमला लागे.

सहावी पायरी तारेची. ज्या खुंटींत मोडेमची वायर जाते त्याच खुंटींत साधा फोन लावून पाहावा. डायल टोन स्वच्छ ऐकूं येतो का? खरखर आहे का? मोडेमला दोन भोंकें असतात. एक तारेसाठीं, एक फोनसाठीं. त्यांची अदलाबदल झालेली नाहीं ना? टोन कानाला ऐकूं येतो, पण मोडेम तो ओळखत नसेल, तर ‘ए टी एक्स् ३’ या आज्ञेनें त्यास टोनची वाट न पाहतां क्रमांक फिरविण्यास सांगतां येतें.

शेवटीं विजेच्या कडकडाटाची गोष्ट. दूरध्वनीच्या तारेवर नेहमींचा दाब सुमारें ४८ व्होल्ट असतो. जवळपास वीज कोसळली कीं त्याच तारेवरून शेंकडों-हजारों व्होल्टांचा लोंढा घरांत शिरूं शकतो. मृगाच्या आरंभींच्या वादळांत मराठवाड्यांत असे कितीतरी मोडेम गेले असतील. त्यांतील एक बारकावा पाहा: कित्येकदां मोडेमची तारेकडील बाजू जळते आणि संगणकाकडील बाजू शाबूत राहते. मग ‘ए टी’ म्हणतांच ‘ओके’ येतें, तारेवर साध्या फोनला टोन मिळतो, पण मोडेमला तो कधींच मिळत नाहीं. हीं तीन लक्षणें एकत्र दिसलीं आणि टोनची वाट न पाहण्याची आज्ञा देऊनहि क्रमांक लागला नाहीं, तर मात्र नवा मोडेम आणावा.

या सर्व पायऱ्यांस एक नियम समान आहे. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि काय झालें तें लिहून ठेवावें. केबल, द्वार आणि मोडेम हीं तिन्ही एकदम बदलून यंत्र चालू झालें, तर तें कशानें चालू झालें हें कोणासच कळणार नाहीं, आणि पुढच्या खेपेस पुन्हां तिन्हींचा खर्च पडेल.

एक कल्पित घर

हा नियम घरांत कसा लागू पडतो तें पाहण्यासाठीं एक घर कल्पूं या. हिंगोलींत हळदीची अडत करणारें एक एकत्र कुटुंब आहे. साल २००३ च्या सुमाराचें. धाकटा मुलगा अमेरिकेंत. त्याचें पत्र संगणकावर येतें. थोरला मुलगा नोकरीवर, त्याची पत्नी घर सांभाळते, आणि नातू महाविद्यालयांत जातो. फोनची एक खुंटी बाहेरच्या खोलींत संगणकाजवळ व दुसरी माजघरांत.

एके संध्याकाळीं अमेरिकेचें पत्र उतरत असतां थोरल्या सुनेनें माहेरीं फोन लावण्यासाठीं माजघरांतला फोन उचलला आणि जोडणी तुटली. ही गोष्ट सर्वांच्या लक्षांत राहिली. त्यानंतर आठवड्यांतून तीन-चार संध्याकाळीं मोडेम उत्तर देईनासा झाला, आणि दर वेळीं माजघराकडे एकच प्रश्न जाऊं लागला.

“सूनबाई, पुन्हां फोन उचललास का?”

“नाहीं हो, मामंजी. मी तर देवघरांत होतें.”

प्रश्न रागाचा नव्हता, पण तो दुसऱ्या कोणास कधीं विचारला जात नव्हता. शेवटीं त्या बाईंनीं संध्याकाळीं माहेरीं फोन करणेंच सोडून दिलें. तरीहि मोडेम सुधारला नाहीं. दुकानदारानें नवा मोडेम सुचविला.

अशा वेळीं नातवानें एक वही घातली असें समजूं या. तींत चार रकाने: दिवस, वेळ, पडद्यावरचें वाक्य जसेंच्या तसें, आणि त्यापूर्वीं संगणकावर काय चाललें होतें. दोन आठवड्यांत असें दिसून आलें कीं, दुखणीं दोन होतीं. फोन उचलल्यावर जोडणी तुटे, पण लगेच पुन्हां क्रमांक फिरविल्यास मोडेम उत्तर देई. आणि ज्या दिवशीं मोडेम मुळींच उत्तर देत नसे, त्या प्रत्येक दिवशीं दुपारीं सांगलीचे हळदीचे भाव फॅक्सनें मागविलेले असत. आजोबा फॅक्सचा कार्यक्रम सुरू करीत, भाव उतरून घेत आणि चष्मा पुसून उठत. कार्यक्रम मागें तसाच वाट पाहत बसे. बाजार बंद असलेल्या दिवशीं फॅक्स नसे, आणि त्या दिवशीं मोडेमहि बिनतक्रार बोले.

न्यायशास्त्र शिकलेल्या वाचकांस येथें अन्वय आणि व्यतिरेक आठवतील. कारण असतां कार्य असणें हा अन्वय. कारण नसतां कार्य नसणें हा व्यतिरेक. धूर आणि अग्नि यांच्या विवेचनांत स्वयंपाकघर आणि जलाशय हीं उदाहरणें येतात तीं यासाठींच. या घरांत फॅक्स असतां मौन होतें आणि फॅक्स नसतां मौन नव्हतें. माजघरांतल्या फोनचें तसें नाहीं. तो न उचलतांहि मौन होतें, आणि तो उचलूनहि दुसऱ्या हाकेला मोडेम ओ देत होता. एक घटना दुसरीच्या आधीं घडली आणि ठसठशीत लक्षांत राहिली, एवढ्यावरून ती कारण ठरत नाहीं.

उपाय बिनखर्चाचा निघाला: भाव उतरून घेतल्यावर कार्यक्रम बंद करावा. आजोबांचाहि यांत अपराध नव्हता. कार्यक्रम पडद्यामागें राहतो हें त्यांस कोणी सांगितलेंच नव्हतें. परंतु वही नसती तर तो प्रश्न त्यांच्यापर्यंत कधींच पोंचला नसता. एकत्र कुटुंबांत चौकशी बहुधा वरून खालीं जाते आणि ज्याला उलट विचारतां येत नाहीं त्याच्यापाशीं जाऊन थांबते. आमच्या मतें यंत्राच्या बिघाडाचा खरा तोटा पैशांत नाहीं. विनाकारण कोणाचें तरी मन दुखावतें आणि तें बोलूनहि दाखवितां येत नाहीं, हा तो तोटा आहे.

दोन साक्षीदार

लहान घरची ही रीति मोठ्या शास्त्रांतहि चालते, आणि तिचें उदाहरण आमच्याच जिल्ह्यांत उभें राहावयाचें आहे. औंढा नागनाथ तालुक्यांतील लायगो-इंडिया या प्रयोगशाळेस केंद्रीय मंत्रिमंडळानें एप्रिल २०२३ मध्यें सुमारें २,६०० कोटि रुपयांची मान्यता दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतून लेसरचा प्रकाश खेळवून अवकाशांतील गुरुत्वलहरी टिपावयाच्या, असें तिचें काम. त्या लहरींचा परिणाम इतका सूक्ष्म कीं, दूरवरच्या वाहनाचा हादराहि त्याहून मोठा ठरावा. मग खरा संकेत ओळखावयाचा कसा? अमेरिकेंत हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथें सुमारें ३,००० किलोमीटर अंतरावर अशीं दोन यंत्रें आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं दोन्हीं ठिकाणीं, सेकंदाच्या सुमारें सात सहस्रांशाच्या अंतरानें, सारखाच संकेत उमटला. एका जागचा हादरा दुसऱ्या जागीं त्याच क्षणीं त्याच आकाराचा उमटण्याचा संभव जवळजवळ नाहीं, हा त्या निर्णयाचा एक मुख्य आधार होता.

शेजाऱ्याचा चालू मोडेम उसना आणून आपल्या तारेवर लावणें, किंवा आपला मोडेम शेजाऱ्याच्या तारेवर नेऊन पाहणें, ही याच रीतीची घरगुती आवृत्ति होय. आयुर्वेदांतील उपशय तो हाच. आपल्याकडे बिघडलेला मोडेम शेजाऱ्याकडे चालला, तर दोष मोडेमचा नव्हे. दोन्हीं ठिकाणीं गप्प बसला, तर दोष त्याचाच.

आजची स्थिति

आज कोणी जुना संगणक माळ्यावरून उतरवून मोडेमला हाक मारील, तर ‘ओके’ येण्याचा संभव पुष्कळ आहे. पण क्रमांक फिरविल्यावर पलीकडे कोणी असेल याचा भरंवसा नाहीं. अमेरिकेंतील ए. ओ. एल्. या जुन्या कंपनीनेंहि मोडेमवरील आपली सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजीं बंद केली. तेव्हां मोडेम धडधाकट असूनहि जोडणी होत नसल्यास त्याच्यामागें व्यर्थ वेळ घालवूं नये.

मग आंतले कागद कसे सोडवावे? संगणक चालू होत असेल तर त्यांतील हार्ड डिस्क जाणत्याकडून काढवून घ्यावी आणि अॅडॅप्टर लावून नव्या संगणकास जोडावी. जुन्या आयडीई जातीच्या डिस्कसाठीं असे अॅडॅप्टर मिळतात. प्रथम सर्व मजकुराची प्रत करावी, मगच जुन्या डिस्कला हात लावावा. मराठी मजकुराच्या बाबतींत आणखी एक अडचण येते. विंडोज ९८ च्या काळीं मराठी लेखन श्रीलिपि किंवा सी-डॅकच्या आय्. एस्. एम्. यांसारख्या साधनांच्या निरनिराळ्या फाँटांत होई. तो फाँट नव्या संगणकावर नसला म्हणजे आजोबांचें पत्र निरर्थक इंग्रजी अक्षरांचा गुंता दिसतें. पत्र खराब झालें असें समजून तें पुसून टाकूं नये. मूळ फाँट मिळवावा, किंवा त्या फाँटांतून युनिकोडमध्यें मजकूर नेणारें साधन वापरावें.

यंत्र विकत आणणें सोपें, तें बोलतें ठेवणें कठीण, हा धडा एकट्यादुकट्या घरानेंच घेतला असें नाहीं. कोल्हापूर-सांगली भागांतील वारणानगरच्या परिसरांत १९९८ मध्यें सुमारें सत्तर गांवांत संगणक बसविण्याचा मोठा सरकारी प्रकल्प निघाला. ऊस उत्पादकांस वजन, हप्ते आणि खतें यांची माहिती गांवांत मिळावी, हा त्याचा हेतु. पुढें दहा वर्षांच्या आंतच तेथील कांहीं गांवांत संगणकाऐवजीं साध्या मोबाइलच्या संदेशांवर तेंच काम चालवून पाहण्यांत आलें. संगणक, वीज आणि जोडणी या तिघांची निगा राखण्यापेक्षां तें स्वस्त व सोपें होतें.

आतां घरोघरीं काचेच्या तंतूची जोडणी आणि भिंतीवर लुकलुकणारी पेटी आलेली आहे. तीहि अधूनमधून गप्प बसते, आणि घरांत प्रश्न उठतो तो जुनाच: कोणी हात लावला? त्या वेळीं वर सांगितलेला क्रम उपयोगी पडेल. वीज काढून पुन्हां लावावी. घरांतली हाक घरांत पोंचते कीं नाहीं हें आधीं पाहावें. मग बाहेरच्या तंतूकडे वळावें. दिव्यांचे रंग आणि पडद्यावरचें वाक्य उतरून घ्यावें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. पेटीशेजारीं एक वही आणि दोरीनें बांधलेली पेन्सिल ठेवण्यास फारसा खर्च येत नाहीं. तींत घरांतील प्रत्येकानें, वडीलधाऱ्यांनींहि, आपण शेवटीं काय केलें तें लिहावें. बहुतेक वेळां कारण त्या वहींतच सांपडेल.